धोंडूकाकांचं पाकीट

लाईट जायला आणि तो दारात यायला एकच गाठ पडली.

कॉम्प्युटर सेंटरमधले सगळे यूपीएस एका सुरात ओरडायला लागले. दीपिका "सेव्ह करा, सेव्ह करा" म्हणत या टेबलावरून त्या टेबलाकडे पळत होती, आणि दारातला तो उंच, उन्हानं रापलेला मुलगा हातातली पिशवी छातीशी धरून जागच्या जागी थिजला होता.

"मी कुठल्याच बटणाला हात लावला नाय हां," तो घाबरून म्हणाला.

दीपिकाला हसू आवरलं नाही. जामसंड्याला रोज दुपारी वीज जायची, आज जरा लवकर गेली इतकंच. पण त्याचा चेहरा असा झाला होता, जणू अख्ख्या देवगड तालुक्याचा अंधार त्याच्याच गळ्यात पडणार आहे.

"काय काम होतं?"

"लग्नाच्या पत्रिका आहेत... बहिणीच्या," तो घाईघाईनं म्हणाला. 'बहिणीच्या' हा शब्द त्यानं जरा जास्तच जोरात उच्चारला, असं दीपिकाला उगाचच वाटलं. "पाकिटांवर नावं घालून पाहिजेत. माझं अक्षर म्हणजे... खेकडा वाळूतनं चालत गेला तर बरं उमटेल."

त्याचं नाव सुदेश सारंग. देवगड बंदरात घरची होडी होती, वडील वारल्यापासून तोच समुद्रावर जायचा. घरी आई यमुनाबाई आणि बहीण संजना. संजनाचं लग्न माघात ठरलं होतं, आणि मुंबईतल्या गाववाल्यांना रजा काढायला वेळ मिळावा म्हणून पत्रिका आताच जायला हव्या होत्या.

दीपिका मूळची वैभववाडीची. बी.कॉम. होऊन जामसंड्याला मावशीकडे राहायची, सकाळी मुलांना कॉम्प्युटर शिकवायची आणि दुपारी लोकांचे अर्ज, बायोडाटा टाइप करायची. पोरगी कामाला वाघ. दोष एकच, सांगितलेल्या कामापेक्षा चार पावलं पुढे जाऊन काम करायची खोड. मावशी म्हणायची, हिला पाणी आणायला सांगितलं तर ही विहीर उपसून येईल.

दुसऱ्या दिवशी तो नावं घेऊन आला. दीपिकानं ती सगळी तक्त्यात घातली, मग पाकिटाचा साचा उघडून दाखवला. नावाच्या जागी नुसतं कंसात 'नाव', पत्त्याच्या जागी 'पत्ता'.

"ह्याला मेल मर्ज म्हणतात," ती म्हणाली. "पाकीट एकदाच बनवायचं. मग बघा हं..." तिनं माऊस दाबला. पाकिटावर वसईचे कोणी मामा आले. पुन्हा दाबला, मामा गेले आणि भांडुपची आत्या आली.

सुदेश खुर्चीतून पुढे झुकला. "आणि मामा खंय गेले?"

"आहेत की. मागे आहेत. बोलावले की येतात."

"माझे मामा बोलावून पण येत नायत," तो म्हणाला, आणि दोघंही इतकी हसली की कोपऱ्यात बायोडाटा करणाऱ्या पोरीनं मान वळवून पाहिलं.

पहिलं नाव ग्रामदेवतेचं होतं. त्याच्यापुढचा रकाना रिकामा राहिला.

"देवाचा पिनकोड?" दीपिकानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"देवानं अजून कळवला नाय."

प्रिंटर जुना होता. एकावेळी एकच पाकीट घ्यायचा, तेही कुणीतरी हातानं सरळ धरलं तर. म्हणून ती माऊस दाबायची आणि तो पाकीट धरायचा. प्रत्येक वेळी त्याची बोटं तिच्या मनगटाच्या इतकी जवळ यायची, की दीपिका एकदा चुकून एकच आत्या दोनदा छापून बसली. त्याच्या हातावर जाळ्याच्या दोरीचे जुने वळ होते. खिडकीतून मोहोराचा वास येत होता, आणि तिला वाटत होतं... मुंबईत ह्यांचे अजून थोडे नातेवाईक असते तर काय बिघडलं असतं?

देवाचं पाकीट बाहेर आलं तेव्हा सुदेशनं ते शर्टाच्या खिशात ठेवलं. "ह्यां मी नेतंय. देवाक पोस्टान नसता." मग एकदम भानावर येऊन त्यानं जीभ चावली. "म्हणजे... मी स्वतः नेणार."

"मालवणी कळते मला," दीपिका म्हणाली.

"मग बोलत कित्याक नाय?"

"ऑफिसात आहे ना मी."

"आणि ऑफिस सुटल्यावर?"

तिनं कीबोर्ड पुसायला घेतला. पण कान तापले, आणि ते केसांखाली लपले नाहीत.

जाताना तो म्हणाला, "उद्यापासून होडी घेऊन जातोय. पत्रिका इथेच राहू देत, आलो की पाकिटं नेतो, मग बघतो बाकीचं."

तो गेला, आणि इथेच आमच्या दीपिकानं विहीर उपसायला घेतली.

पाकिटं तयार, पत्रिका तयार. बिचारा समुद्रावरून दमून येणार, मग तिकिटं चिकटवत बसणार. आपण टाकल्या तर? त्याला किती बरं वाटेल! तिनं सगळ्या पत्रिका पाकिटांत घातल्या, पोस्टातून तिकिटं आणली, एकेक चिकटवलं आणि सगळा गठ्ठा पेटीत टाकून हात झटकले. त्या संध्याकाळी ती गाणं गुणगुणत घरी गेली.

सुदेश परतला तो थेट सेंटरवरच. अंगाला खारा वास, डोळे जागरणानं तांबडे, पण चेहरा फुललेला. हातात नारळ आणि अक्षतांची पुडी.

"पाकिटं?" त्यानं विचारलं. "एक आताच पाहिजे. आज काकांकडे जातो."

"एकही नाही," दीपिका मिश्कीलपणे म्हणाली.

"म्हणजे?"

"सगळी गेली! पोस्टात. मीच टाकली."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कसं गेलं ते तिनं पाहिलं.

"सगळी? काकांचं पण? धोंडू सारंग... चिरवणे?"

तिनं मान डोलावली. तो समोरच्या बाकावर मट्कन बसला आणि त्यानं नारळ बाजूला ठेवला. मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. धोंडूकाका म्हणजे वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. वडील गेल्यावर होडी कोणी चालवायची यावरून वाजलं, आणि एकोणीस वर्षांचा सुदेश भर बंदरात काकांना म्हणाला, 'होडी माझ्या बापाची आहे.' त्याच आठवड्यात काका काकीला घेऊन तिच्या माहेरी चिरवण्याला गेले. तेव्हापासून या घराची पायरी नाही, एक शब्द नाही. आणि संजनाचा एकच हट्ट होता, कन्यादान करतील तर काकाच.

"आमच्यात घरच्या वडीलधाऱ्यांना आमंत्रण पोस्टानं देत नाहीत," सुदेश म्हणाला. "नारळ-अक्षता घेऊन दारात जायचं असतं. पोस्ट मुंबईकरांसाठी. काकांच्या हातात पोस्टाचं पाकीट पडलं, तर त्यांना वाटणार, बघा... ह्यांनी मला परका केला. मग ते काय येणार? आणि संजूला मी काय सांगू?"

तो तिला एक शब्द लागेल असं बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. दीपिकाला वाटलं, आपण जमिनीत जावं. देवाचं पाकीट त्यानं खिशात ठेवलं, तेव्हा विचारायला काय झालं होतं? पण नाही! शहाणपणा करायची घाई!

"पोस्टात चला," ती उठली. "पाकीट परत मागू."

पोस्टातल्या बाबूंनी मान हलवली. पेटीत पडलेलं टपाल असं कुणाच्या हातात देता येत नाही, आणि चिरवण्याची थैली तर कधीच रवाना झाली होती. दीपिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पण रडता कशाला?" बाबू म्हणाले. "थैली तिथे बंद पडलीय. चिरवण्यात आहे कोण उघडायला? गावपळण चालू आहे."

सुदेशनं कपाळावर हात मारला. तो समुद्रावर होता, त्याच्या लक्षातच नव्हतं!

चिरवण्याची ही जुनी रीत. काही वर्षांनी देवाचा कौल झाला, की सगळं गाव घरांना कड्या घालून गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा घेऊन वेशीबाहेर जातं. माळावर झावळांच्या झोपड्या बांधून राहतं, आणि पुन्हा कौल झाला की परततं. तोवर गावात चिटपाखरू नाही. पोस्टमन महादू चिरवण्याचाच, तोही थैलीला कुलूप घालून झोपडीत बसला असणार.

"परतणार कधी?" दीपिकानं विचारलं.

"उद्या सकाळी कौल. म्हणजे उद्याच टपाल वाटणार तो," बाबू म्हणाले.

म्हणजे हातात आजची दुपार होती. दोघं धावत सेंटरवर आली. एक पत्रिका शिल्लक होती, पण नाव छापलेलं पाकीट नव्हतं. दीपिकानं तक्ता उघडला. सुदेशनं पाकीट धरलं. वीज जायची वेळ होत आली होती, प्रिंटर कुरकुरला, थांबला... "नको रे, आता नको," ती पुटपुटली. पाकीट बाहेर पडलं आणि पाठोपाठ यूपीएस ओरडायला लागले.

"मी पण येते," ती म्हणाली.

"तुम्ही कशाला?"

"चूक माझी आहे."

त्यानं नारळ तिच्या हातात दिला. "चल," म्हणाला. 'चला' नाही, 'चल'. एरवी दीपिकानं त्या एका शब्दावर दोन दिवस काढले असते. आज तिला त्याची नोंद घ्यायलाही सवड नव्हती.

सुदेशच्या जुन्या एम-एटी गाडीवर मागे मासळीची टोपली बांधायची जागा होती. तिथेच पोतं टाकून ती बसली. मांडीवर नारळ, मुठीत अक्षतांची पुडी. खाडीच्या काठानं रस्ता वळत होता, वारा कानात शिरत होता.

"काका ओरडतील?" तिनं विचारलं.

"ओरडले तर बरं. गप्प बसले तर संपलं."

तिनं नारळ घट्ट धरला.

माळावर पोचल्यावर मात्र दीपिका चक्रावली. सगळीकडे झोपड्या, चुलींचा धूर, झाडाला बांधलेल्या म्हशी, भजनाची तयारी आणि पोरांचा कल्ला. तिनं छापलेला पत्ता इथे काय कामाचा? ना वाडी, ना घर.

"धोंडू सारंगांची झोपडी खंयची?" सुदेशनं एका बाईला विचारलं.

"खंय बांगडो भाजतत तां बघ. धोंडग्याची चूल काय इझना नाय."

काका खरंच चुलीपाशी होते. पांढऱ्या मिशा, उघडं अंग, हातात चिमटा. सुदेशला बघून चिमटा थांबला, मग पुन्हा हलू लागला.

"काका..."

"दिसता माका. डोळे गेले नाय माझे."

आतून यशोदाकाकी धावत आली. "इलंस रे झिला!" म्हणून तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. काका तसेच चुलीकडे बघत होते.

"काय काम काढलंस?"

"संजूचा लगीन..." सुदेश म्हणाला, आणि तिथेच अडला. दर्यात वादळाला न घाबरणारा हा माणूस, पण काकांसमोर त्याला पुढचा शब्द सुचेना. काकांच्या कपाळावर आठी चढली. दीपिकाला ती आठी दिसली आणि तिला राहवलं नाही.

"काका, आधी माझं ऐका," ती पुढे झाली. "उद्या तुम्हाला पोस्टानं पत्रिका येईल. ती यांनी नाही टाकली, मी टाकली. यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. हे तर नारळ घेऊन तुमच्याकडेच निघाले होते..."

चिमटा खाली पडला.

"पोस्टान? माझ्या भावाच्या चेडवाचा आमंत्रण माका पोस्टान? मी काय मुंबयचो झालंय?"

आजूबाजूच्या झोपड्यांतून डोकी बाहेर आली.

"चूक माझी आहे, काका. रागवायचं तर मला रागवा. पण संजना तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय..."

"आणि तू कोण गो?"

"मी... पाकिटं छापते. कॉम्प्युटरवर."

"मगे पाकिटां छाप! आमच्या आमंत्रणात तुका कोणी बोलावल्यान? आमंत्रण घरच्या माणसान करूचा आसता. तू घरची खंय आसस?"

खरंच, ती कोण होती? दोन दुपारी पाकिटं छापली, एक चूक केली, इतकंच तिचं नातं. तिची मान खाली गेली. पुडी मुठीत चुरगळली आणि दोन-चार अक्षता मातीत सांडल्या.

"होतली," सुदेश म्हणाला.

काकांनी मान वर केली. "काय म्हणालंस?"

"घरची होतली म्हटलंय." त्याचा आवाज आता सुटला होता, पण कानापर्यंत लाल झाला होता तो. "म्हणजे... तिका अजून इचारूक नाय. आज इचारूचा होता, पण..." तो दीपिकाकडे वळला. "तुका चलात काय गो?"

सांडलेल्या अक्षता वेचायला वाकलेली दीपिका तशीच थांबली. ज्याचं इतकं मोठं नुकसान आपल्या हातून होता होता राहिलं, किंवा कदाचित झालंही, तोच हे विचारतोय?

"अरे, माका आमंत्रण देवक इलंस काय हिका मागणी घालूक?" काका गरजले.

"दोनय, काका."

काकी पदर तोंडाला लावून हसायला लागली. शेजारच्या झोपडीतली म्हातारी तर आरामात पुढे येऊन बसली. काकांनी चिमटा उचलून दीपिकाकडे रोखला.

"तू बोल गो. काय म्हणतंस?"

"आधी तुम्ही सांगा," ती कशीबशी म्हणाली. "लग्नाला येणार ना?"

"तां मगे. घरची असशीत तर आमंत्रण, नाय तर तां पाकीट घेवन परत जा."

तिनं सुदेशकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर हसू नव्हतं, नुसती भीती होती. तिला आठवला लाईट गेल्यावर पिशवी छातीशी धरून उभा राहिलेला तो. इतके दिवस ऑफिसची भाषा जपली होती तिनं. आता ऑफिस सुटलं होतं.

"माका चलात," ती म्हणाली.

काकांनी चिमटा चुलीशी ठेवला. मग काका उठले, हात धुतले, खांद्यावर पंचा टाकला आणि दोन्ही हात पुढे केले.

"घाल मगे अक्षत. वाट कसली बघतंस?"

दोघांनी मिळून अक्षता दिल्या, नारळ आणि पत्रिका दिली, पाया पडली. सुदेशचं डोकं काकांच्या पायावर जरा जास्तच वेळ राहिलं. "उठ रे," काका म्हणाले, "होडी तुझ्या बापाशीचीच होती. पण माका तसा कित्याक बोललंस?" आणि त्यांनी त्याला वर ओढून असा काही धरला, की काकीलाच बांगडा उलटावा लागला.

संजनाचं कन्यादान माघात धोंडूकाकांनी केलं. मांडवात जो भेटेल त्याला ते खिशातून एक पाकीट काढून दाखवत होते. महादूनं आणून दिलेलं, पोस्टाचा शिक्का पडलेलं. "नाव बघ कसा उमाटला हा! आमच्या सुनेन काढल्यान." ती अजून सून झाली नव्हती, पण काकांना सांगणार कोण?

वैशाखात दीपिका पुन्हा त्याच मशिनसमोर बसली. साचा तोच, फक्त यादीत वैभववाडीची माणसं वाढली होती. सुदेश पाकिटं धरत होता, आणि मनगटं मधूनमधून लागत होती, आता चुकून नाही. धोंडूकाकांचं नाव पडद्यावर आलं तशी ती थांबली.

"हे आपण हातानं द्यायचं ना?"

"तां तर देवचाच," सुदेश म्हणाला. "पण काकांनी निरोप धाडलो हा. एक पोस्टान पण होया. आणि महादून सगळ्यांसमोर हाक मारून देवचा, अशी अट आसा."

दीपिकानं दोन पाकिटं छापली. एकावर तिकीट चिकटवलं आणि दुसरं पर्समध्ये ठेवलं, अक्षतांच्या पुडीशेजारी.